आठव्या दिवसाचं पाणी

मी एक ड्रम बोलतोय. निळा, प्लास्टिकचा, दोनशे लिटरचा. तोंडावर काळं झाकण, पोटावर दोन वळ्या आणि एका बाजूला खिळ्यानं कोरलेलं 'प्रांजली' हे नाव, त्यातला 'ज' उलटा. संभाजीनगरात माझे भाऊबंद घरोघरी उभे आहेत, त्यामुळं माझ्याकडं कुणी वळून बघत नाही. बघावं असं माझं म्हणणंही नाही. फक्त ऐका.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. साच्यातून शंभर भावंडं निघाली, त्यातला मी एक. पहिली नोकरी लागली ती लोणच्याच्या कारखान्यात. मीठ-हळद लावलेल्या कैरीच्या फोडी माझ्या पोटात वर्षभर मुरल्या. फोडी गेल्या, वास राहिला. पुढं मोंढा नाक्याकडच्या एका जुन्या ड्रमवाल्याच्या दारात मी उन्हात लोळत पडलो होतो, तिथून रामप्रसादनं मला उचललं. तो वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. गाव फुलंब्रीजवळ, तिथली शेती थोरला भाऊ बघायचा. यानं पुंडलिकनगरात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. घरात त्याची आई द्वारकाबाई, बायको सायली आणि पहिलीतली पोरगी प्रांजली.

सायलीनं मला आधी चिंचेनं घासलं, मग सोड्यानं, मग राखेनं. तरी सहा महिने पाण्याला लोणच्याचा वास येतच होता. पाहुण्यानं तांब्या तोंडाला लावून चेहरा वाकडा केला की द्वारकाबाई म्हणायच्या, "प्या प्या. जेवताना लोणचं वेगळं मागू नका म्हंजे झालं." मी शरमेनं अजून निळा व्हायचो.

आमच्या गल्लीला पाणी आठ दिवसांनी यायचं. तो नळाचा दिवस. सणांच्या तारखा चुकतील, पण नळाचा दिवस कुणी चुकवत नसे. रामप्रसाद त्या दिवशी मित्राला गळ घालून दुसरी शिफ्ट मागून घ्यायचा. सायली शाळेत शिकवायची, ती सकाळची रजा टाकायची. प्रांजलीच्या पोटात त्या दिवशी हमखास दुखायचं, आणि द्वारकाबाई त्या दुखण्याला साक्षीदार असायच्या. शेजारच्या कडूबाई भिंतीवरून विचारायच्या, "आलं का वं?" इकडून उत्तर जायचं, "सुं सुं करायलंय, आलं." मग फाटकाजवळच्या नळाला पाईप लागायचा आणि त्याचं दुसरं टोक माझ्या तोंडात.

नळाची धार बारीक. मला भरायला पाऊण तास लागायचा. तेवढ्यात कुठं जाता येत नसे, कारण पाणी केव्हा जाईल याचा नेम नाही. झोपताही येत नसे. मग करायचं काय? बसायचं. रामप्रसाद बादली पालथी घालून बसायचा, द्वारकाबाई पायरीवर, सायली उंबऱ्यात. त्या दिवशी स्वयंपाकाला सुट्टी. कुरमुरे भिजवून, शेंगदाणे-मिरची घालून परातभर 'सुशीला' नावाचा फराळ करायचा आणि चौघांनी एकाच परातीत हात घालायचे. रामप्रसाद कंपनीतल्या साहेबांच्या नकला करायचा. द्वारकाबाई गावातल्या भांडणांची ताजी हकिगत सांगायच्या, आठ वर्षांपूर्वीच्या भांडणाची असली तरी ताजीच. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हे लोक पाण्यासाठी बसलेत.

प्रांजली माझ्या पोटावर बोटांनी वाजवायची. रिकामा असलो की माझा आवाज मोठा घुमतो. पाणी चढत जातं तसा तो दबतो, आणि काठोकाठ भरलो की नुसतं 'ठप्'. पोरीनं हे गणित सातव्या वर्षीच बसवलं. डोळे मिटून, एका बोटानं टकटक करून सांगायची, "निम्मा." रामप्रसाद झाकण उचलून बघायचा, तर खरंच निम्मा. "माझ्या कंपनीत लाखाचं मीटर आहे, त्याला हे जमत नाय," असं तो कौतुकानं म्हणायचा. नाव कोरलं तेही अशाच एका दिवशी. तिला मार बसेल असं मला वाटलं होतं. त्यानं फक्त 'ज' उलटा का, एवढंच विचारलं.

सगळ्यात जास्त कुरकुर त्याचीच असायची, हेही सांगून टाकतो. "आयुष्य गेलं ड्रम भरण्यात," हे त्याचं पालुपद. मेंटेनन्सचा माणूस, हात स्वस्थ बसेनात. प्रांजली बारावीला असताना त्यानं अंगणात हौद बांधला, गच्चीवर मोठी टाकी चढवली, मोटार बसवली आणि तिला आपोआप चालू-बंद करणारा सेन्सर जोडला. नळ आला की पाणी आपणहून हौदात उतरायचं, तिथून आपणहून गच्चीवर चढायचं. घरात कुणी असो-नसो. काम मात्र चोख केलं होतं, त्यात खोड काढायला जागा नाही. पहिल्यांदा टाकी भरून मोटार आपोआप बंद झाली तेव्हा चौघांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या. मला काय ठाऊक.

मला जिन्याखाली सरकवलं. पोटात जुन्या चपला, मोडका खराटा आणि एक हवा गेलेला फुटबॉल. तिथं मी पाच वर्षं काढली. जिन्याखालून समोरचा हौद तेवढा दिसतो, घरातली माणसं दिसत नाहीत, फक्त पावलं ऐकू येतात. साडेसहाला रामप्रसादची, सातला सायलीची, आठला प्रांजलीची. परत येण्याच्या वेळाही अशाच वेगवेगळ्या. चार ताटं चार वेळांना घासली जायची. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. प्रत्येकाला काहीतरी काम होतं आणि कुणाचंही काम खोटं नव्हतं. नळाचा दिवस यायचा, मोटार घुर्र करायची, बंद व्हायची. कुणाला कळतही नसे.

या वर्षी प्रांजलीला बंगळूरला नोकरी लागली. घरात पेढे वाटले गेले. जायला तीन आठवडे उरले, मग दोन. रामप्रसाद जिन्यावरून वर जायचा, गच्चीवर तिच्यासाठी नंतर बांधलेल्या खोलीच्या दाराशी थांबायचा, "जेवलीस का?" विचारायचा आणि खाली यायचा. दिवसातून चार वेळा तो तेवढंच विचारायचा. एकदा म्हणाला, "रविवारी वेरूळला जाऊ सगळे." प्रांजलीचं मैत्रिणींबरोबर ठरलेलं होतं, सायलीच्या शाळेत कार्यक्रम होता. "बरं, राहू द्या," तो म्हणाला. खाली येताना जिन्याच्या मधल्या पायरीवर तो बराच वेळ नुसता उभा होता. त्याला पोरीजवळ एक दिवस बसायचं होतं आणि बस म्हणायला कारण सापडत नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

शेवटच्या आठवड्यात नळाचा दिवस आला. सकाळी दहाला पाणी येणार असा गल्लीच्या ग्रुपवर निरोप होता. रामप्रसाद नेहमीसारखा उठला, अंघोळ केली, पण कंपनीचे कपडे घातले नाहीत. हौदापाशी गेला, इकडंतिकडं पाहिलं आणि हौदाकडं जाणाऱ्या नळीचा कॉक पिळून बंद केला. मग जिन्याखाली येऊन त्यानं मला ओढलं, चपला-फुटबॉल बाहेर काढले आणि मला तीनदा धुतलं. धुऊन झाल्यावर आत डोकं घालून वास घेतला. काय आला असेल तो आला असेल, पण डोकं बाहेर काढायला त्यानं वेळ लावला.

मग तो घराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "हौदाचा कॉक जाम झालाय. पाणी आज हातानंच भरावं लागणार."

प्रांजली केस पुसत बाहेर आली. "पप्पा, मला अकराला निघायचंय. मैत्रिणी सगळ्या उस्मानपुऱ्यात थांबणारेत. प्लंबरला बोलवा ना."

"तो गावाला गेलाय."

"फोन तर लावून बघा."

"लावला होता."

त्याचा फोन सकाळपासून आत चार्जिंगला होता.

"मग हा पाईप सरळ हौदात सोडा."

"तिथवर पुरत नाय."

पाईप पुरत होता. मी त्याला ओळखतो, आम्ही एकाच घरात म्हातारे झालो.

द्वारकाबाई पायरीवर येऊन बसल्या. गुडघे चोळत त्यांनी लेकाकडं नीट पाहिलं. "कंपनीतल्या येवढाल्या मशिनी दुरुस्त करतो म्हणतोस, अन् घरचा एक कॉक नाय ऐकत व्हय तुझं?"

"माय, लई जोर लावला. हलत नाय."

"आसंल बाबा," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. हसू पुसलं असावं.

सायलीला राहवलं नाही. "बघू तरी," म्हणत ती हौदाशी गेली. कॉक तिच्या हातात लोण्यासारखा फिरला, मला इथून दिसलं. ती क्षणभर तशीच वाकून राहिली. नवऱ्याची पाठ तिच्याकडं होती, तो माझ्या तोंडात पाईप नीट बसवत होता, गरज नसताना. तिनं कॉक पुन्हा होता तसा बंद केला आणि हात पुसत आली. "जामच आहे," ती म्हणाली. "शाळेत कळवते, आज नाही येत. आत्या, कुरमुरे आहेत का हो डब्यात?"

साडेदहाच्या सुमारास पाणी आलं. पाच वर्षांनी माझ्या तळाला गार धार लागली आणि मी असा काही घुमलो की कडूबाईंनी भिंतीवरून डोकं वर काढलं. प्रांजली आधी फोन घेऊन फाटकाशी उभी होती. मग पाईप सुटला, तो धरताना तिचे हात भिजले आणि फोन खिडकीत ठेवावा लागला. परात आली. चार हात पडले. रामप्रसादनं नव्या साहेबाची नक्कल करून दाखवली, ती काही तितकीशी जमली नाही, तरी पोरगी ठसका लागेपर्यंत हसली. हसता हसता तिनं सवयीनं माझ्या पोटावर टकटक केली.

"निम्मा," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. मला आठवण होती. तिलाही होती.

रामप्रसादनं शेंगदाणा बोटात फिरवत विचारलं, "तिकडं पाण्याचं कसंय?"

"तिकडं चोवीस तास असतं पप्पा."

त्यानं शेंगदाणा परातीत परत टाकला. मग अगदी साधेपणानं म्हणाला, "मग माणसं बसतात कवा?"

कुणी हसलं नाही. प्रांजलीनं बापाकडं पाहिलं, मग हौदाकडं, मग अंगणात वेटोळं घालून पडलेल्या लांबच लांब पाईपाकडं. पोरगी हुशार आहे, उगाच लागली नाही नोकरी. ती उठली, ओढणीला हात पुसत नळाशी गेली. मला वाटलं, आता ही पाईप उचलणार आणि हौदात सोडून निघून जाणार. अकराला दहा मिनिटं कमी होती.

तिनं नळ हळूच पिळला. धार करंगळीएवढी झाली. तिनं अजून थोडा पिळला. आता सुतळीएवढी.

"प्रेशर कमी झालंय आज," बापाकडं न बघता ती म्हणाली आणि त्याच्या बादलीशेजारी जमिनीवर फतकल मारून बसली. "वेळ लागेल."

"लागू दे," रामप्रसाद म्हणाला. त्यानं परात तिच्याकडं सरकवली.

खिडकीतला फोन दोनदा वाजला आणि आपणहून गप्प झाला. मी त्या दिवशी भरायला दीड तास घेतला. जमेल तितका सावकाश भरलो. मला भरायची इतकी चोरी कधी वाटली नव्हती. शेवटी 'ठप्' झालंच. तेव्हा सायली म्हणाली, "अहो, आता एकदा जोर लावून बघा, सुटेल." तो गेला आणि कॉक लगेच सुटला. "सुटला व्हय?" एवढंच द्वारकाबाईंनी विचारलं. पाणी लवकर गेलं, हौद निम्माच भरला. तो आठवडाभर सगळ्यांनी पाणी जपून वापरलं, कुणी तक्रार केली नाही. चौथ्या दिवशी प्रांजली गेली. रिक्षात बसण्याआधी तिनं आजीच्या पाया पडून झाल्यावर माझ्या पोटावर एक टिचकी मारली. मी तेव्हा अर्ध्याहून कमी होतो, आवाज लांब घुमला.

मला पुन्हा जिन्याखाली नेलेलं नाही. मी फाटकाजवळच आहे. माझा रंग उडालाय, काठाला एक बारीक चीर आहे, भंगारवाला जाता-येता नजर टाकतो. हौद आणि सेन्सर आपलं काम बिनबोभाट करतात, माझी गरज घराला काडीची नाही. तरी रामप्रसादनं पुन्हा दर आठवड्याला शिफ्ट बदलून घ्यायला सुरुवात केली आहे. नळाच्या दिवशी तो बादली पालथी घालतो आणि पाईप माझ्या तोंडात देतो. सायली पहिल्या दोन तासांची सवलत घेऊन उंबऱ्यात बसते. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं धूड असेल, ज्याच्यापाशी कधीकाळी सगळ्यांना थांबावं लागायचं. त्याला इतक्यात भंगारात घालू नका. माझं एवढंच मागणं आहे.

बंगळूरहून फोन येतो. प्रांजलीकडं पंधरा मिनिटं असतात. "पप्पा, वाजवून दाखवा," ती म्हणते. तो फोन माझ्या पोटाशी धरतो आणि बोटानं टकटक करतो. परवाही केली. नळ केव्हाच बंद केलेला होता आणि मी काठोकाठ भरलो होतो. आवाज आला, 'ठप्'. दुसरा यायला जागाच नव्हती.

"अजून निम्माच हाय," रामप्रसाद म्हणाला.

भरलेल्या ड्रमचा आवाज त्या पोरीला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. फोनमधून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मग बसते मी," ती म्हणाली.