हाकेला ओ देणारी घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो. मुठीत मावेन एवढीच. थोरल्या घंटांच्या नशिबी देवाचे दार असते, माझ्या वाट्याला एका स्वयंपाकघराची खिडकी आली. तक्रार नाही. देव टांगेल तिथे वाजावे, हाच आमचा धर्म. पण आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. रोज सकाळी माझा जीव मुठीत असतो. का, ते चित्त देऊन ऐका.

ओताऱ्याने एकाच मुशीतला रस दोन साच्यांत ओतला आणि आम्ही दोघी बहिणी जन्मलो. त्याने आम्हाला आळीपाळीने वाजवून पाहिले आणि म्हणाला, "वा! एक हाक मारते, दुसरी ओ देते."

आम्हाला विकत घेतले दोन शिंपिणींनी. त्यांच्या दुकानाच्या पुढच्या दारावर मी, मागच्या दारावर बहीण. एक बाई कापड बेतायची, दुसरी शिवायची. गल्लीतली पोरे एकीला कात्रीआजी म्हणत, दुसरीला सुईआजी. त्या तेव्हा काही आजीच्या वयाच्या नव्हत्या, पण नावे चिकटली ती चिकटलीच. कोपऱ्यात इस्त्रीवाली उभी असे. कात्रीआजी कापड बेतताना देवाची गाणी म्हणे, आणि इस्त्रीवाली इस्त्री आपटून ठेका धरी. तिघींची तोंडे हातांपेक्षा जोरात चालत.

"अगं, ही बाही माणसाची की हत्तीची?" सुईआजी विचारी.

"तू शिव मुकाट्यानं. जेवल्यावर माणसाचा हत्तीच होतो."

"भांडा, भांडा," इस्त्रीवाली म्हणे. "दोघींना इस्त्री करून घडी घालून ठेवते की नाही बघा!"

दार उघडले की मी वाजे. "काय गोड घंटा आहे हो!" गिऱ्हाईक म्हणे, आणि मी फुलून जाई. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे डोळे अधू झाले, दुकान बंद झाले. कात्रीआजीने मला घरी नेले, सुईआजीने माझ्या बहिणीला. दोघींची घरे एकाच अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर, खिडकीसमोर खिडकी. कात्रीआजीच्या घरी लेक, सून, नातू. सुईआजी मात्र एकटी, तिचा लेक दूर गावी. इस्त्रीवालीही पलीकडच्या गल्लीत एकटीच राहायची.

एके दिवशी इस्त्रीवाली घरात पडली आणि तिला उठता येईना. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने दार फोडले तेव्हा फार उशीर झाला होता. जेमतेम धुगधुगी होती, आणि हाका मारून मारून तिचा आवाजच गेला होता म्हणे.

तिला अखेरचा निरोप देऊन आल्यावर दोघी चुलीपाशी बसल्या. कात्रीआजी म्हणाली, "तिनं हाक मारली गं. आणि आपण इथं चहा पीत होतो."

त्याच दिवशी त्यांनी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत दोरी बांधली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी बहीण. सुईआजीने तिकडून ओढले की इकडे मी वाजायचे, कात्रीआजीने इकडून ओढले की तिकडे बहीण. नियम एकच. सकाळी चहा ओतायचा, पण हाक आणि ओ झाल्याशिवाय ओठाला लावायचा नाही.

तेव्हापासून भीती माझ्या पितळात शिरली. मला जीभ आहे, मित्रांनो, पण आपणहून बोलता येत नाही. रोज पहाटेपासून मी दोरीकडे बघत बसे. आज हलेल ना? हलली की माझा आवाज आनंदाने फुटे, आणि कात्रीआजी म्हणे, "आहे बाई, आहे अजून!"

एकदा दोघींचे कडाक्याचे भांडण झाले. "माझ्या लेकाला फोनवर सांगितलंस, मी डब्यातली साखर खाते म्हणून! चहाडखोर!" सुईआजी समोरून ओरडली.

"साखर खाऊन मेलीस तर मी भांडू कुणाशी?"

धाडकन समोरची खिडकी बंद झाली, दोरीपुरती फट सोडून. त्याच दिवशी नातू तापाने फणफणला होता. माझ्या आवाजाने तो दचकून उठू नये म्हणून सुनेने माझ्या जिभेला फडके गुंडाळले. संध्याकाळी सोडेन, असे तिने ठरवले होते. पण पोराच्या तापात ती विसरली.

सकाळी दोरी हलली. मी हलले, पण आवाज नाही. दोरी पुन्हा हलली, मग हिसके बसू लागले, वेडेवाकडे, थांबून थांबून. ही रोजची हाक नव्हती. मी त्या फडक्यावर डोके आपटत राहिले. देवा, एकदाच बोलू दे! कात्रीआजी माझ्याकडे पाठ करून बसली होती. पुढ्यात चहाचा पेला.

"आई, चहा निवतोय," सून म्हणाली.

"रुसलीय ती. हाक नाही मारली."

"मग तुम्ही प्या ना."

"प्यायला काय झालंय!" तिने पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. हिसके मंदावत चालले होते. चहावर साय धरली होती. तिने त्या सायीकडे पाहिले आणि पेला खाली ठेवला. "नाही जात गं घशाखाली. मीच मारते हाक. मोठेपणा गेला खड्ड्यात."

ती खिडकीशी आली. तिने फडके पाहिले. थरथरती दोरी पाहिली. "अगं माझे बाई!" असे ओरडून ती अनवाणी जिना उतरली.

सुईआजी जमिनीवर पडलेली होती, पाय मोडलेला, दोरी मनगटाला गुंडाळलेली. वाचली ती. कात्रीआजीला बघून म्हणाली, "एवढा उशीर? साखर खात होतीस का?"

सुनेने ते फडके चुलीत घातले. मग पदराने तिने माझी जीभ पुसली.

पुढे बऱ्याच काळाने एका सकाळी सुईआजीची हाक आली. मी वाजले. पुन्हा वाजले. ओ गेली नाही. कात्रीआजी झोपेतच देवाघरी गेली होती. ती दोरी ज्या आशेने ओढली जात होती, ती आशा मला अजून विसरता येत नाही. शेवटी सून डोळे पुसत उठली आणि तिने दोरी ओढली.

समोरून आवाज आला, "कोण आहे गं?"

"मी आहे, मावशी."

सुईआजीच्या हातातली दोरी सैल पडली. मग ती म्हणाली, "तिची ओ अशी नव्हती. ये इकडे, मला धर."

आता सूनच ओ देते. दोरी झिजली की नवी बांधते. नातवाला कात्रीआजीची गाणी सुईआजी शिकवते, निम्मे शब्द चुकवून.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना पुसा, जपा, पण आमचे तोंड बांधू नका. आणि तुमच्या शेजारीही कुणीतरी दोरीचे दुसरे टोक धरून बसलेले असेल. त्याच्या हाकेला ओ द्या. देवाला याहून गोड गाणे ठाऊक नाही.

आज सकाळ झाली आहे. सुनेने चहा ओतला आहे. पेल्यातून वाफ निघते आहे, आणि ती माझ्याकडे बघते आहे. दोरी अजून हललेली नाही.

जरा गप्प बसा बरं, मित्रांनो. ऐकू द्या.