खोक्यांवरचा सरदार

खुब्याचं हाड मोडून राहीबाई तीन महिने अंथरुणाला खिळल्या. राहनाळ गावच्या त्या बाईला बासष्ट वर्षांत असं पडून राहणं ठाऊकच नव्हतं, आणि वाचता येत नव्हतं. शेजारच्या सुचेताबाई शाळेत मराठी शिकवायच्या. त्या रोज संध्याकाळी येऊन एक जुनी स्पॅनिश कादंबरी मराठीतून वाचून दाखवू लागल्या. पुस्तकं वाचून डोकं फिरलेला एक म्हातारा सरदार बनतो आणि पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला घेऊन धावतो, त्याची गोष्ट.

"बाई, पवनचक्की कशी असते?"

सुचेताबाईंनी खिडकीतून समोरच्या गोडाऊनच्या छपरावर गरगरणारे पंखे दाखवले. "तशीच फिरते, पण घराएवढी मोठी."

दुसऱ्या दिवशी राहीबाईंनी मुलाकडून, दीपेशकडून, त्याच्या गोडाऊनमधली रिकामी खोकी आणि शटरचा उरलेला रंग मागवला. हाड सांधेपर्यंत एकवीस चित्रं झाली. काटकुळा सरदार कंटेनरच्या रांगेवर चाल करून जातोय, घोडा टोरंट कंपनीच्या विजेच्या खांबाला टेकून धापा टाकतोय.

सुचेताबाईंनी गावातल्या एका कलामंडळाकडे हॉल मागितला. तिथले सचिव चित्रं उलटून मागचा छाप बघत म्हणाले, "मॅडम, ही खोकी आहेत."

"खोकीच हायेत," राहीबाई काठी टेकत उठल्या. "चला बाई."

दीपेशने चित्रं परत गाडीत ठेवली. घराजवळ आल्यावर म्हणाला, "आये, रविवारी आपलं गोडाऊन रिकामं हाय. तिथं लावू. लोक हसले तर हसू देत."

कुणी हसलं नाही. हमाल आले, यंत्रमागावरचे लूमवाले शिफ्ट संपवून आले, शेजारच्या वळ गावच्या बायका रिक्षा भरून आल्या. सरदार घोड्यावरून पडल्याच्या चित्रापुढे एक ट्रकड्रायव्हर बराच वेळ उभा राहिला. "अम्मा, ये गिर गया, फिर भी भाला नहीं छोड़ा!"

"पुस्तकात तो शेवटी हरतो, मावशी," सुचेताबाई हळूच म्हणाल्या.

"ऐकलंय ना मी. पन माझा उठतोय. गुडघा बघा त्याचा."

दुपारी गर्दीची बातमी ऐकून कलामंडळाचे सचिव स्वतः आले. गर्दीतून वाट काढत एकवीसही चित्रं बघून त्यांनी हात जोडले. "आजी, पुढच्या महिन्यात आमच्या हॉलमध्ये लावाल?"

राहीबाईंनी दीपेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा फुलला होता.

"लावू की," त्या म्हणाल्या. "पन हॉल मोठा बघा. अजून चितारतेय मी."