तार नसलेला कीबोर्ड

आज सकाळी साडेदहा वाजता वंदना परीक्षेला गेली. जाताना तिने मला दप्तरातून काढले आणि फळीवर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवले. ती शाळेत आणि मी घरी, असे आज पहिल्यांदाच झाले.

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. मला तार नाही. माझी बटणे दाबली जात नाहीत, कारण ती बॉलपेनने काढलेली आहेत. मी पुठ्ठ्याचा आहे.

तरी खऱ्या कीबोर्डशी माझी ओळख जुनी आहे. बुऱ्हाणपूरच्या ज्या शाळेत वंदना शिकते, तिथे पहिल्यांदा संगणक आले, तेव्हा त्यांतल्या एका खोक्याचे मी झाकण होतो. कारखान्यापासून इथवर खरा कीबोर्ड माझ्याखाली निजून आला. ट्रकचे सगळे धक्के मी सोसले, त्याला ओरखडाही उमटू दिला नाही. शाळेत त्याला कुंकू लावले, हार घातला, मुलांना पेढे वाटले. खोके मागच्या भिंतीशी फेकून दिले. तिथे एका शेळीने माझा एक कोपरा खाल्ला. तो अजून तसाच आहे.

वंदना जवळच्याच बहादरपूर गावची. तिची आई मालूबाई केळीच्या बागेत कामाला जाते आणि कापणी असली की वंदनाही पहाटे आईबरोबर घड उचलायला जाते. केळीचा चीक हाताला लागला की काळा डाग पडतो. साबणाने तो जात नाही.

संगणकाच्या खोलीचे नियम कडक होते, हे मला नंतर तिच्याकडूनच कळले. चपला बाहेर, दप्तरे बाहेर, हात धुतलेले. दारात वर्गाचा मॉनिटर अनंत उभा राहून प्रत्येकाचे तळवे पाहायचा.

"हात दाखव."

"धुतले."

"मग हे काळं काय आहे?"

"चीक आहे. निघत नाही."

"निघत नाही म्हणजे? सर, वंदनाके हाथ देखो!"

प्रभाकर सर आत एका बंद पडलेल्या यंत्रापाशी वाकले होते. मागे वळून न पाहता त्यांनी सांगितले, "उद्या स्वच्छ धुऊन ये, बेटा."

पुढच्या तासाला ती लिंबू चोळून आली. डाग तसेच होते. त्याच्या पुढच्या तासाला रॉकेलने हात घासून आली, तेव्हा अनंतने नाकाला रुमाल लावला. "अरे बापरे, स्टोव्ह आला!" सगळे हसले. वंदनाही थोडी हसली. मग व्हरांड्यात जाऊन बसली. आत गेलेल्यांच्या चपला दाराबाहेर पडलेल्या असायच्या, हिच्या मात्र पायात.

असे तास जात राहिले. घरी तिने काही सांगितले नाही. आई विचारी, "झाला का कंप्यूटरचा तास?" आणि ती म्हणे, "झाला."

अशाच एका तासाला ती शाळेच्या मागे फिरत आली आणि तिने मला उचलले. ओढणीने पुसले. पुस्तकातल्या चित्रावरून, पट्टी लावून, एकेक बटण माझ्यावर काढले. कोणते बोट कुठे ठेवायचे तेही पुस्तकात होते. त्या दिवसापासून ती मला मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसू लागली. भिंतीपलीकडे खऱ्या कीबोर्डची टकटक चाले. माझ्यातून आवाज येत नसे, म्हणून ती प्रत्येक अक्षर ओठांतल्या ओठांत म्हणे. त्या व्हरांड्यात तिचा आवाज माझ्याशिवाय कोणी ऐकला नाही. बोटे टेकून टेकून माझ्यावर आठ खळगे पडले.

घरी एकदा मालूबाईने पाहिले.

"काय व, पुठ्ठ्याले कावून टोचू राहिली?"

"कंप्यूटर शिकू राहिले, माय."

"अन् शाळेत तर खरा आहे ना?"

वंदनाने हात पाठीमागे घेतले. मालूबाईने ते पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे पाहिले. ते अधिक काळे होते.

पुढे एक दिवस तास चालू असताना वीज गेली आणि सगळा वर्ग बाहेर आला. वंदनाला मला लपवायला वेळ मिळाला नाही. तिची नजर समोरच्या भिंतीवर होती आणि दहाही बोटे माझ्यावर फिरत होती.

"सर, ही पुठ्ठ्यावर टायपिंग करते!" अनंत ओरडला.

सर हसले नाहीत. त्यांनी तिचा हात धरून डागावर अंगठा घासला आणि अंगठा पाहिला. तो स्वच्छ होता.

"हे निघत नाही?"

"नाही, सर."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

पुढच्या तासाला सरांनी तिला आत घेतले. मी दप्तरात, दाराबाहेर होतो. मला आनंद झाला होता आणि थोडे एकटेही वाटत होते. आत काय झाले ते मला नंतर तिच्या बोलण्यातून कळले. पुठ्ठ्यावर बोट कितीही वेळ टेकवले तरी काही बिघडत नाही. खऱ्या बटणावर तिने तसेच बोट ठेवले आणि सगळा पडदा एकाच अक्षराने भरून गेला.

"सर, वंदनाचा कंप्यूटर हकलाने लगा, तोतरा झाला!" अनंतचे हे ओरडणे मात्र मला बाहेरपर्यंत ऐकू आले.

त्या दिवशी घरी येऊन तिने मला कोपऱ्यात भिरकावले आणि आईला सगळे सांगून टाकले, अगदी पहिल्या तासापासून. मालूबाई भाकरी करत होती. तिने तव्यावरची भाकर बोटांनी उलटली.

"पाहिलं? बोट लावलं, उचललं. ठेवलं असतं तर भाजलं असतं. तसं कर."

वंदनाने मला पुन्हा उचलले. पुढचे सगळे दिवस ती तापल्या तव्याला लावावे तसे माझ्यावर बोट लावत होती आणि उचलत होती. खऱ्या यंत्रावर पुन्हा बसायला मिळाले नाही. परीक्षेसाठी यंत्रे नीट राहावीत म्हणून खोलीला कुलूप लागले होते.

आजची परीक्षा बाहेरगावचे परीक्षक घेणार आहेत. जी मुले पास होतील त्यांनाच पुढच्या वर्षी संगणक विषय मिळेल. आज बागेत कापणी होती. मालूबाई पहाटे एकटी गेली. "आज तू घडाले हात नको लावू," एवढेच ती म्हणाली. पण जुने डाग आहेतच. परीक्षकांना चिकाचे कोणी सांगितले आहे की नाही, मला ठाऊक नाही.

वंदना पास झाली तर माझे काम संपेल आणि मी बहुधा चुलीत जाईन. नापास झाली तर ती मला पुन्हा मांडीवर घेईल. तरीही ती पास व्हावी, असेच मला वाटते.

मित्रांनो, तुमच्या शाळेतला कीबोर्ड जपा. त्यावर धूळ बसू देऊ नका. हातही धुऊन या. पण कुणाच्या हातावर डाग दिसला तर तो कशाचा आहे हे विचारा, आणि विचारल्यावर उत्तर ऐकेपर्यंत थांबा.

दुपारी शेजारची सुमन परत आली. ती वंदनाच्याच वर्गात आहे. बागेतून आलेली मालूबाई दारातच उभी होती.

"सुमन, वंदना कुठी व?"

"तिचा नंबर मांगे होता, काकू."

"दारात हात पाहिले का तिचे?"

"ते मले नाही माहीत. मी पाणी प्यायले गेली होती. पण मी निघाली तवा तिची चप्पल कंप्यूटरच्या खोलीच्या दाराबाहेर होती."

"तिचीच?"

"निळ्या पट्ट्याची. तारेनं बांधलेली. तिचीच तर होती."

चप्पल बाहेर, म्हणजे वंदना आत गेली होती. त्यानंतर बुऱ्हाणपूरहून दोन रिक्षा गावात येऊन गेल्या. वंदना त्यांत नव्हती. मालूबाई अजून दारात उभी आहे.