उष्टं पाणी

पार्लरवालीचा ताप उतरला, पण जाताना गालांवर आणि कपाळावर तांबूस-काळे डाग ठेवून गेला. या साथीत जे जे वाचले त्या सगळ्यांना ही भेट मिळालेलीच होती. अंगावरचे डाग कपड्यांखाली झाकता येतात. तोंड कुठे नेऊन ठेवणार?

पार्लर तिचं आणि तिच्या धाकट्या जावेचं, भागीतलं. घराच्या पुढच्या खोलीत दोघींनी मिळून काढलेलं. बरी झाल्यावर ती पहिल्यांदा कामाला उभी राहिली तेव्हा एक जुनी गिऱ्हाईक डोकं धुवून घ्यायला आली होती. डोळे मिटून, मान मागे टाकून निवांत बसली होती. हिने फेस चोळला, त्या बाईला गुंगी आल्यासारखं झालं. मग तिने डोळे उघडले आणि वर पाहिलं. पुढचं सगळं रस्त्याने पाहिलं. डोक्यावर फेसाचा डोंगर घेऊन बाई पळत सुटली होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की मला शिवली, मला शिवली.

"ताई, रागावू नका," जाऊ म्हणाली, "पण थोडे दिवस आतच बसा. पुढचं मी बघते."

"आत बसून काय करू? निदान टॉवेल तरी धुते."

"टॉवेलला तर मुळीच हात लावू नका!"

शहरात तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच विषय. हा ताप पसरतो कसा? कुणी म्हणे श्वासातून, कुणी म्हणे नाण्यांवरून, कुणी म्हणे नजरेला नजर भिडली तरी पुरे. कोपऱ्यावरचा घड्याळवाला तर रोग्याच्या घरून फोन आला की उचलत नसे. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर घसा फोडून सांगत होता की ताप डासांमुळे येतो, माणसाला माणूस लागून नाही. साठलेलं पाणी काढा, घरात औषध फवारू द्या. लोक म्हणत, "डास काय आजचे आहेत? आमच्या आजोबांनाही चावायचे." आणि फवारणीवाल्यांच्या तोंडावर दार लावून घेत. न जाणो, हेच रोग्याच्या घरून आले असतील तर?

एक दिवस डॉक्टर पार्लरवालीकडे आला. जावेने त्याला मागच्या दाराने आत घेतलं.

"बाई, माझं कुणी ऐकत नाही," तो म्हणाला. "पण डोळ्यांनी बघतील तेव्हा पटेल. सभेत तुम्ही अर्धा ग्लास पाणी प्यायचं, तुमचं उष्टं मी प्यायचं. एवढंच. लोकांची भीती गेली की तुमचं कामही सुरू होईल."

तिला तो देवमाणूस वाटला. आजारानंतर तिच्याशी बोलताना एक पाऊल मागे न सरकलेला तो पहिलाच.

शाळेच्या सभागृहात पहिली सभा झाली. ती अर्धा ग्लास प्यायली आणि तिने तो पुढे केला. डॉक्टरने तो घटाघटा संपवला. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "याने आधीच सुई टोचून घेतली असणार!" लोक हसले, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. त्या दिवशी ती ताठ मानेने घरी गेली. मग डॉक्टर तिला वस्त्या-वस्त्यांतून नेऊ लागला. लोक तिला 'पाणीवाली' म्हणू लागले. पार्लरमध्ये मात्र ती अजून आतच होती.

अशाच एका सभेनंतर ती पर्स विसरली म्हणून स्टेजच्या मागे परतली. तिथल्या नळावर डॉक्टर उभा होता. औषधाची बाटली तोंडाला लावून खळाखळा चूळ भरत होता. थुंकला, पुन्हा भरली, मग रुमालाने ओठ असे घासले की लाल झाले.

तो वळला. ती उभीच होती.

"बाई, घरी लहान बाळ आहे हो," तो म्हणाला. "हिने शपथ घातलीय, की चूळ भरल्याशिवाय..."

"डॉक्टरसाहेब, माझं उष्टं पिऊन ताप येतो का?"

"नाही. कधीच नाही. मला पक्कं माहीत आहे."

"तुम्हाला पक्कं माहीत असून ही तऱ्हा. मग त्या फेसवालीला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू?"

त्याने हात जोडले. "कुठे बोलू नका. आत्ता कुठे लोक फवारणीला दार उघडायला लागलेत. हे बाहेर फुटलं तर सगळं बसलं. माणसं मरतील."

आणि ते खरं होतं, हेच तर तिचं दुखणं होतं.

पुढच्या सभेत ती गेली. पाणी प्यायली, ग्लास दिला. गर्दीतली एक म्हातारी उठली. "ए बाई, तू सांग. हा मागे जाऊन तोंड धुतो म्हणतात. खरं का?"

डॉक्टरने ओठांशी नेलेला ग्लास खाली घेतला.

"नाही हो आजी," ती म्हणाली. "माझ्यासमोरच असतात की."

म्हातारी खाली बसली. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीत फवारणी झाली.

साथ ओसरली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण इथे वैद्याला बढती मिळाली आणि तो मोठ्या शहरात गेला. जाताना निरोप घ्यायलाही आला नाही. पार्लरमध्ये गिऱ्हाइकांची रीघ लागली. ती पुढे यायला निघाली तर जाऊ दारात आडवी.

"आता कुणाला भीती नाही वाटत, ताई. पण तुमचं तोंड बघितलं की त्यांना ते दिवस आठवतात. कुणाचा नवरा गेला, कुणाची मुलगी. तुम्हीच समजून घ्या ना."

तिने समजून घेतलं. सगळ्यांचं समजून घेता घेता तिचा जन्म चालला होता. आपल्या कात्र्या आणि कंगवे पिशवीत भरून ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. तिथल्या पार्लरच्या मालकिणीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तोंडाला काय झालं?"

"कढईतलं तेल उडालं."

"अगं बाई! फार भाजलं असेल नाही?" मालकीण हळहळली. तिने हिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि त्याच दिवशी कामाला ठेवलं. "मला आधी वाटलं, त्या तापाचे डाग. म्हटलं, नको बाई ती ब्याद."

"नाही नाही," ती म्हणाली, आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या मानेवर हात ठेवून केस कापायला लागली.