मिस्त्रींचा कान

“काही नाही झालेलं हिला,” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी तलंगेला कानापासून खाली घेतलं. “तुला उगाच भास होतात.”

बायको खुराड्याच्या दारात ओले हात पदराला पुसत उभी होती.  मधे अख्खं अंगण असताना तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती घरघर ऐकू आली होती, म्हणून तर ती हातातलं काम टाकून आली होती. आणि इथे कोंबडी कानाशी धरून हा माणूस म्हणत होता, काही नाही.

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. अशा आठ तलंगा मिस्त्रींनी तीन आठवड्यांपूर्वी टोपलीत घालून घरी आणल्या होत्या. खरं तर कोंबड्या पाळण्याची कल्पना बायकोचीच. बसडेपोतून निवृत्त झाल्यावर मिस्त्रींनी पहिल्या वर्षात घरातला एकही नळ, एकही बिजागरी, एकही पंखा सुखाने जगू दिला नव्हता. नळ त्यांनी इतके घट्ट केले की तोंड धुवायला त्यांनाच हाक मारावी लागे. शेवटी ती कावून म्हणाली होती, घरातल्या वस्तूंना सोडा, काहीतरी जिवंत सांभाळा.

मग मिस्त्रींनी सांभाळायचं मनावर घेतलं. भंगारातल्या पत्र्याचं खुराडं केलं, आत दांडी ठोकली, खाली लाकडाचा भुसा पसरला, आणि बसच्या काचांना लावतात ती रबरी पट्टी आणून प्रत्येक फट बुजवली. डेपोत त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाडीची काच कधी खडखडली नव्हती. फट दिसली की त्यांना चैन पडत नसे. खुराडं तयार झालं तेव्हा वाऱ्याला आत शिरायचं असेल तर मिस्त्रींची परवानगी काढावी लागली असती. पिल्लांना गार वारा लागू नये, असं ते ज्याला त्याला सांगत.

आणि कान. डेपोत त्यांचा कान प्रसिद्ध होता. ड्रायव्हरला आधी एवढंच विचारायचं, आवाज वेग घेताना येतो, की सोडताना? मग इंजिन सुरू करून ठेवायचं, मिस्त्रींनी डोळे मिटायचे, आजूबाजूच्यांनी गप्प बसायचं. मिनिटभराने ते नेमकं सांगायचे, कुठे काय सैल झालंय. इंजिन उघडलं की तेच निघायचं. साहेब लोक कागदावरून बोलत, मिस्त्री कानावरून. पण त्या इंजिनांनी सत्तावीस वर्षांत तोच कान थोडाथोडा करून खाल्ला होता आणि ही गोष्ट मिस्त्री सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

बायकोला तर सगळ्यांत आधी कळलं होतं. ती त्यांच्या उजव्या बाजूला बसू लागली, कारण डावा जास्त गेला होता. दारावरची बेल वाजली की “बेल वाजली वाटतं” असं सहज म्हटल्यासारखं म्हणू लागली. मुलीचा फोन आला की तो आधी स्वतः घ्यायची आणि मुलीचं प्रत्येक वाक्य आश्चर्य वाटल्यासारखं मोठ्याने परत म्हणायची, म्हणजे शेजारी बसलेल्या मिस्त्रींना ते कळावं. मुलीने एकदा कानाच्या मशीनचा विषय काढला तर मिस्त्री म्हणाले होते, या कानावर डेपो चाललाय. मग तो विषय मिटला. आपण संसार नीट चालवतोय, असं बायकोला वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरघर ऐकण्याची गरजच उरली नाही. दोन तलंगांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत साबणासारखा फेस जमला होता. एकीचं तोंड एका बाजूने सुजलं होतं आणि ती चोच उघडी टाकून, मान ताणून श्वास घेत होती. डोळ्यांनी दिसणारं मिस्त्रींना चांगलं दिसे. ते खुराड्यासमोर उकिडवे बसले ते उठेचनात.  मग बायकोनेच जनावरांच्या दवाखान्यात फोन केला.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी खुराड्याचं दार उघडून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

“काका, इथे तुम्ही दहा मिनिटं बसून दाखवा,” त्या म्हणाल्या.

ओला भुसा, विष्ठेचा झोंबणारा वास आणि वाऱ्याला वाट नाही. रोग कदाचित आणतानाच अंगात असेल, त्यांनी समजावलं, पण तो गप्प होता. या कोंडलेल्या हवेने त्याला जागं केलं. छपराखालून चारी बाजूंनी मोकळं करा, भुसा बदला, पाण्यातून पाच दिवस हे औषध द्या. आजारी दिसताहेत त्या दोघी आत्ताच वेगळ्या करा. बाकीच्यांतली कुठली रोग आत धरून बसली आहे ते नुसतं बघून कळणार नाही. दिवेलागणीला त्या दांडीवर शांत बसल्या की एकेक उचलायची, छाती कानाला लावायची. जिच्यात आवाज येईल तीही वेगळी. एक जरी चांगल्यांत राहिली तरी औषध वाया.

“आणि पाचव्या दिवशीही आवाज राहिला, तर तिला ठेवायचं नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “वरवर बरी दिसेल, पण रोग जन्मभर वाहील. एकीपायी बाकीच्या घालवू नका. ऐकायला जमेल ना?”

नळाशी हात धूत असलेल्या बायकोने मान वर केली. तोंडही उघडलं.

“डॉक्टरीणबाई,” मिस्त्री हसून म्हणाले, “सत्तावीस वर्षं मी दुसरं केलं काय?”

बायकोने नळ बंद केला.

दुपारभर मिस्त्रींनी रबरी पट्ट्या सोलून काढल्या, छपराखालचा पत्रा कापून तिथे जाळी ठोकली. भुसा उपसून नवा घातला. आजारी दोघींना ओसरीवर लाकडी खोक्यात ठेवलं. घामाने भिजले होते, पण वर्षभरात पहिल्यांदाच त्यांची चाल डेपोतल्यासारखी झाली होती. दिवेलागणीला बायकोने विचारलं, “मी ऐकू का?” तर म्हणाले, “तू बॅटरी धर.”

तिने बॅटरी धरली. मिस्त्रींनी पहिली तलंग उचलली, छाती उजव्या कानाला लावली, डोळे मिटले. “चांगली.” दुसरी. “चांगली.” अशा सहाही चांगल्या. एक पांढुरकी कानाशी असताना बायकोला चार हातांवरून स्पष्ट ऐकू आलं, भांड्याच्या तळाशी चहा उरला की फुंकल्यावर होतो तसा आवाज. पुढे तांबडीच्या वेळी पुन्हा तसंच काहीतरी, पण हलकं. तांबडी मिस्त्रींची लाडकी. ते काम करत असले की येऊन त्यांच्या चपलेवर बसायची.

 उद्या सांगू, असं बायकोने मनाशी ठरवलं. मिटलेल्या डोळ्यांचा तो चेहरा तिने किती दिवसांनी पाहिला होता. आणि औषध तर सगळ्यांनाच पाण्यातून मिळतंय, एका रात्रीत काय होणार आहे. अशी समजूत घालून ती आत गेली.

सकाळी पांढुरकी दांडीखाली पडली होती. मान लांब केलेली, चोच उघडी.

मिस्त्रींनी परसात खड्डा खणला. गरजेपेक्षा बराच खोल खणला. माती लोटून आले, हात न धुताच ओसरीच्या पायरीवर बसले. बायकोने चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली तरी त्यांनी हात लावला नाही. खोक्यातल्या दोघी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होत्या. त्यांच्या पोटांचा भाता होत होता. मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी कान खोक्याच्या फळीला लावला. बराच वेळ तसेच बसले. बायकोला आतून दारापर्यंत घरघर येत होती.

“मला ऐकू येत नाही,” मिस्त्री म्हणाले.

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“चार वर्षं झाली असतील.”

मिस्त्री तिच्याकडे वळले. चेहरा लाल झाला होता. “आणि काल? काल तुला ऐकू आलं होतं?”

तिने होकारार्थी मान हलवली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून.”

 चार वर्षं बेल वाजल्यासारखी वाटत होती, मुलीच्या बोलण्याचं हिला एवढं आश्चर्य वाटत होतं, ते सगळं त्यांच्या डोक्यात एकामागून एक उलगडत गेलं असणार. त्यांना लाज वाटली. राग तिच्यावर काढावा असं क्षणभर वाटलं, पण परसातली ताजी माती समोरच दिसत होती.

“आजपासून तू ऐकायचं,” ते म्हणाले. “आणि ऐकशील ते सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून एक शब्दसुद्धा नको.”

बायकोने आयुष्यात कधी जिवंत कोंबडी हातात धरली नव्हती. त्या संध्याकाळी चोच डोळ्याशी आली की ती दचके, पंख फडफडले की मान मागे घेई. मिस्त्री पंख दाबून धरत आणि ती कान लावे. पाच जणींपैकी चौघी स्वच्छ. पाचवी तांबडी.

“हिच्यात आहे,” ती म्हणाली. मिस्त्रींनी तांबडीला खोक्यात ठेवलं.

पुढचे दिवस दोघांना अन्न गोड लागलं नाही. औषधाचं पाणी मिस्त्री स्वतः मोजून घालत. आधी चांगल्यांना, मग हात धुऊन, चपला बदलून खोक्यातल्यांना. दिवसातून दहादा ते छपराखालच्या जाळीशी हात धरून बघत, वारा येतो का. बायको भाजी निवडतानाही थांबून कानोसा घेई. एक शिंक ऐकू आली की ती बाहेर जाऊन सांगे, “आत्ता एक शिंकली.” पूर्वी तिने ते गिळलं असतं. मिस्त्री विचारत, चांगल्यांतली की खोक्यातली? ती सांगे. याच आठवड्यात मुलीचा फोन आला तेव्हा मिस्त्री बायकोला म्हणाले, तूच बोल आणि मग मला सांग, मला फोनवर कळत नाही. 

तिसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड उतरलं. चौथ्या दिवशी खोक्यातल्या तिघीही दाण्यावर तुटून पडल्या. तांबडी सगळ्यांत जास्त. मिस्त्रींनी खोक्याशी पाय नेला तर ती फळीवरून मान काढून चपलेला चोच मारू लागली. “बरी झाली की ही,” ते म्हणाले. बायको हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. उद्या कळेल, एवढंच म्हणाली.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला दोघं ओसरीवर बसली. चांगल्या चौघी तिने आधीच ऐकल्या होत्या, चारी तशाच स्वच्छ होत्या. मिस्त्रींनी खोक्यातून पहिली काढून दिली. बायकोने कान लावला. “नाही, काही नाही.” दुसरी, तोंड सुजलेली होती ती. तिला दोनदा ऐकलं. “हिलाही नाही. अगदी मोकळी.” मिस्त्रींनी दोघींना स्वतःच्या हातांनी खुराड्यात नेऊन दांडीवर बसवलं.

मग तांबडी.

बायकोने कान लावला आणि डोळे मिटले. तांबडी शांत होती, डोळे चमकत होते, अंगावर पिसं तुळतुळीत. रस्त्यावरून एक गाडी गेली. ती जाईपर्यंत बायको थांबली आणि पुन्हा ऐकलं. मग दुसऱ्या बाजूने लावून पुन्हा. मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिने नाही म्हटलं असतं तर त्यांना कधीच पडताळता आलं नसतं. हे त्यांना कळत होतं आणि तिलाही.

“आवाज आहे,” ती म्हणाली.

“बारीक?”

“बारीक आहे. पण आहे.”

मिस्त्रींनी हात पुढे केले. तिने तांबडी त्यांच्या मांडीवर दिली. त्यांनी तिची छाती तळव्यात धरली, अंगठ्याने डोळ्याचा कोपरा पुसला. अंधार पडत होता. 

“अगं,” मिस्त्री म्हणाले, “श्वास घेताना येतो, की सोडताना?”

बायको वाकली. त्यांच्या मांडीवरच्या तांबडीला तिने पुन्हा कान लावला आणि नीट, घाई न करता ऐकलं.

“घेताना,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान डोलावली. तांबडीला घेऊन ते खुराड्याकडे वळले नाहीत.