दुसऱ्या कडेचे ठिपके

"जपून. तिथं कुलपाचं भोक आहे," तो खुर्चीतून म्हणाला.

तिनं हातातलं पातं थांबवलं. हिरव्या रंगाची लांब साल निघून आली होती आणि खाली लाकडाची एक गोल टिकली दिसत होती, भोवतालच्या लाकडापेक्षा जराशी उजळ.

"कुलपाचं भोक? गिटारला?"

"गिटार व्हायच्या आधी ते दारच होतं ना. तुकडा ठोकून भोक बुजवलं होतं मी. बसलाय का अजून?"

"बसलाय की. तुमच्यापेक्षा घट्ट बसलाय."

तो हसला. हल्ली त्याचं हसू चेहऱ्याच्या उजव्या बाजूनं यायचं. डावी बाजू मागून, कुणी हाक मारल्यावर यावी तशी, सावकाश पोचायची.

मागच्या व्हरांड्यात ऊन तिरपं पडलं होतं. तिच्या मांडीवर जुनं पोतं, पोत्यावर गिटारचं धड. दांडी वेगळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. जळालेल्या मोटारींच्या गुंडाळ्या पुन्हा भरून द्यायचं काम त्यानं जन्मभर केलं. ही गिटार त्यानं लग्नाआधी त्याच दुकानात बनवली होती. धड मोडक्या दाराच्या फळीचं, दांडी पलंगाच्या उभ्या पट्टीची. तारांखालची गुंडाळी त्यानं मोटार भरायच्या यंत्रावर स्वतः भरली, केसाएवढ्या बारीक तारेनं, आणि आत फुटक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक बसवलं. फक्त रंग कोणता लावायचा ते त्याला कळेना. तेव्हा तो पलीकडच्या फर्निचरच्या कारखान्यात विचारायला गेला. तिथं ती खुर्च्यांना पॉलिश करत बसायची. तिनं सांगितलं, लाखेच्या चपड्याचं पॉलिश लाव, लाकूड बोलेल. त्यानं मान डोलावली आणि दुकानात जाऊन पंपांना फासतात तो हिरवा रंग फासला.

"तेव्हाच ओळखायला हवं होतं," ती आता पातं चालवत म्हणाली. "विचारून घेणार आणि आपलंच करणार."

"तरी लग्न केलंस."

"रंग कधीतरी खरवडायला मिळेल म्हणून केलं."

हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय परत आला, ओढत का होईना. जीभही परत आली. डावा हात तेवढा मांडीवर पडून राहिला, शेजारच्या घरून कुणी ठेवायला दिल्यासारखा. त्याच हातानं तो तारा दाबायचा. कपाटावर धूळ खात पडलेली गिटार त्यानंच काढायला लावली. म्हणाला, आता तरी तुझं पॉलिश लाव हिला. चांगले थर दे. पॉलिश कडक होईस्तोवर हात येईल बघ.

तेव्हा तिलाही तसंच वाटत होतं.

रंग निघाला. मग काचपेपर, जाड, मग मऊ, मग त्याहून मऊ. धड घासून झालं, दांडी घासून झाली. लाकूड लहान मुलाच्या पाठीसारखं झालं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळला, कापूस जुन्या मलमलीत बांधून पुरचुंडी झाली, आणि ती त्याच्या समोर पाटावर बसून थर देऊ लागली. पुरचुंडी लाकडावर थांबता कामा नये. थांबली की चिकटते, चिकटली की डाग. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या तेच ती पुटपुटायची:

चालत चालत ये गं, चालत चालत जा,
मधे जर टेकलीस, डाग राहील ताजा.

आणि दिवसही तिचा तसाच. सकाळी त्याला मागून काखेत धरून उठवायचं, मागून सदरा चढवायचा, मागून धरून न्हाणीत न्यायचं, आणायचं. मग कारखान्यानं घरी धाडलेल्या खुर्च्या. मग जेवण, मग औषध, मग पुन्हा उठवणं. कंबर अशी दुखायची की रात्री कुशीवर वळतानाही विचार करावा लागायचा. पण टेकायचं कुठं?

व्यायाम करून घ्यायला येणारी बाई एका सकाळी निघताना दारात थांबली. पायात चपला घातल्या, पण पाऊल उचललं नाही.

"खांदा हलेल अजून," ती हळू आवाजात म्हणाली. "कोपरही थोडं. बोटं मात्र नाही यायची, ताई. यायची असती तर एव्हाना खूण दिसली असती. त्यांना मी सांगू का तुम्ही सांगाल?"

"मी सांगते," ती म्हणाली.

आत आली. तो खुर्चीत बसून गिटारकडे बघत होता. उन्हात तिचा रंग मधासारखा दिसत होता. खरं तर काम झालं होतं.

"झालं ना गं?" त्यानं विचारलं.

"कुठं झालंय? रेषा दिसतायत अजून. एक थर लागेल."

मग एकाचे दोन झाले, दोनाचे किती ते तिनं मोजणं सोडलं. थर वाळला की ती मऊ पेपरनं पुसट करायची आणि पुन्हा द्यायची. जोवर पुरचुंडी फिरत होती तोवर गिटार अपुरी होती. आणि गिटार अपुरी होती तोवर हात यायला वेळ होता. इतका वेळ तरी आपण त्याला देऊ शकतो, असं तिला वाटायचं, आणि लगेच वाटायचं की आपण त्याला फसवतोय.

एका दुपारी ढोल्या आला. तरुणपणी दोघं एकाच चमूत समारंभांना वाजवायचे; हा ढोल बडवायचा आणि दिसायलाही ढोलासारखाच होता. हिरव्या गिटारवरून त्यानंच नवऱ्याचं नाव पंप पाडलं होतं.

"काय पंप, पाणी चढतंय का?"

"चढतंय थेंब थेंब. तू आधी दारातून मावलास कसा?"

"आडवा आलो." ढोल्यानं खाली वाकून धडात आपला चेहरा पाहिला. "वहिनी, गिटार करताय का आरसा? दाढी करून घेऊ का इथंच?"

"वाळायचंय अजून. हात लावू नका."

ढोल्या बसला. इकडचं तिकडचं बोलला. मग त्या पडलेल्या हाताकडे बघत राहिला आणि त्याला राहवलं नाही.

"पंप, उलटी का नाही करत हिला? तारा उलट्या क्रमानं लाव. दांडी उजव्या हातात येऊ दे. डाव्यानं काय, नुसतं खांद्यातून झोडपायचं. मी जन्मभर दुसरं काय केलं?"

"तू उलटा चालत घरी जा," नवरा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "पोचलास की मी उलटी वाजवतो."

"अरे, मी आपलं सुचवलं."

"हात येणार आहे माझा. विचार हिला. रोज ती बाई येऊन बघत होती, हिला माहीत आहे सगळं."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातातली पुरचुंडी जागच्या जागी थांबली. लाकडाला चिकटली. उचलली तेव्हा तिथं बोटाएवढा खडबडीत डाग उठला होता.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

ढोल्या गेल्यावर ती डाग घासत बसली.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर त्यानं दांडी मागितली. तिनं त्याच्या मांडीवर आडवी ठेवली. उजव्या हाताचा अंगठा तो दांडीच्या कडेवरून फिरवत गेला, इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे.

"ठिपके कुठायत?"

"कसले ठिपके?"

"कडेवरचे. डाख द्यायच्या सळईनं चटके देऊन केले होते. पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात, पाचव्या, सातव्या. बोट कुठं टाकायचं ते कळायला."

तिचा हात तोंडावर गेला. आठवले तिला. दांडीच्या कडेवरचे काळे बारीक चटके. किती मन लावून घासले होते तिनं. आयुष्यभर लोकांच्या टेबलांवरचे विडीचे, भांड्यांचे, इस्त्रीचे चटके तिनं असेच नाहीसे करून दिले होते. लाकडावरचा चटका म्हणजे दोष, एवढंच तिचे हात शिकले होते.

"मी घालवले," ती म्हणाली. "मला डाग वाटले."

तो चिडेल असं तिला वाटलं. पण तो हसला, आधी उजवीकडून, मग डावीकडून.

"एवढी वर्षं अर्ध्या अंधारात वाजवलं त्यांच्या जिवावर. समारंभात दिवे गाणारीवर असतात, वाजवणाऱ्याला कोण उजेड देतो? खाली नजर टाकली की हे ठिपके तेवढे दिसायचे." मग म्हणाला, "जाऊ दे. सळई आण. पुन्हा देऊ चटके. तू दे, मी धरतो."

तिनं सळई आणली, तापत ठेवली. राळेचा जुना वास व्हरांड्यात पसरला, त्याच्या दुकानातला, त्याच्या सदऱ्यांतला. त्यानं दांडी मांडीशी दाबून धरली. ती गुडघ्यांवर बसली, खाली वाकली. सळईच्या टोकाशी धुराचा धागा उठत होता.

"तिसऱ्या घराच्या मधोमध," तो म्हणाला. "लाव."

"कुठल्या कडेला?"

शब्द बाहेर पडले तेव्हाच तिला कळलं. डाव्या हातात दांडी धरणाऱ्याला एकच कड दिसते, वरची. दुसऱ्या कडेचा प्रश्न त्यालाच पडेल, ज्याच्या मनात गिटार कधीच उलटी होऊन गेली आहे. ती मान वर करीना.

"दारात बोलली ना ती व्यायामाची बाई तुझ्याशी?" तो म्हणाला.

"तुम्हाला ऐकू गेलं?"

"नाही गेलं. पण चपला घालायला कुणाला एवढा वेळ लागत नाही."

"मग बोलला का नाहीत? एवढे थर मला द्यायला लावले."

"तू का नाही बोललीस?"

"मला जमेना."

"मलाही." तो मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघत होता, कुणा पाहुण्याकडे बघावं तसा. "आणि खरं सांगू? पॉलिश करताना तू समोर बसायचीस. एरवी दिवसभर मागं असतेस. उचलताना मागं, नेताना मागं. नुसता श्वास ऐकू येतो दमलेला, तोंड दिसत नाही. म्हटलं, लागू दे हवे तेवढे थर."

तिनं पदरानं डोळे पुसायला हात उचलला, तर त्या हातात सळई.

"भाजून घेशील," तो म्हणाला. "लाव आता. दुसऱ्या कडेला."

पहिला ठिपका हलला आणि खोल गेला.

"खोल गेला हो."

"असू दे. नखाला सापडेल."

पुढचे दिवस मग उलटं करण्यात गेले. तारा ज्या खाचांतून जातात ती हाडाची पट्टी नव्यानं कोरावी लागली, कारण आता जाड तारांच्या जागी बारीक येणार होत्या आणि बारीक तारांच्या जागी जाड. तो सांगायचा, ती कानस चालवायची. खाच खोल झाली की तो नुसता डोळे मिटायचा आणि तिला कळायचं की पट्टी फुकट गेली. पट्टा अडकवायची खुंटी धडाच्या या शिंगावरून त्या शिंगावर गेली. आवाजाची कळ उलट्या गिटारवर नेमकी वरच्या बाजूला येत होती.

"ती हलव तिथून," तो म्हणाला. "नाहीतर माझा हा लोंबता पाहुणा दर फेरीला आवाज बंद करून टाकेल."

नवं भोक पाडलं तेव्हा भुग्याबरोबर पॉलिशचेही कपचे उडाले. जुनं भोक तिनं गोल तुकड्यानं बुजवलं, बाहेरून कोरं लाकूड दिसत राहिलं. त्यावर पुन्हा पॉलिश करायचं दोघांनीही नाव काढलं नाही. एका जुन्या हातमोज्याला तिनं तार छेडायची चकती शिवून दिली आणि तो मोजा त्याच्या डाव्या हातात चढवला, एकेक बोट धरून, झोपलेल्या मुलाला घालावा तसा.

मग तो वाजवू लागला.

वाजवू लागला म्हणजे खांद्यातून हात झुलवू लागला, आणि हात तारांवरून केरसुणीसारखा फरफटत जाऊ लागला. उजवी बोटं तर अडाणीच. ज्या सुरावलीत डावी बोटं डोळे झाकून शिरायची, तिथं ही दारात उभी राहून वाट विचारायची. पंचाईत अशी की कान मात्र जुनेच होते. चुकलेलं प्रत्येक वेळी कळायचं. तो तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा लावायचा, तेच, तीन सुरांचं, एकत्र न येणारं.

"जमेल का?" एकदा तिनं विचारलं.

"पहिल्यासारखं नाही," तो म्हणाला. त्यात रडगाणं नव्हतं. मोटार बघून गिऱ्हाइकाला सांगायचा तसं सांगितलं.

त्या दुपारी खुर्च्यांचं काम नव्हतं. जेवणं आटोपली होती. ती आतल्या खोलीत सतरंजीवर नुसती पाठ टेकायला म्हणून आडवी झाली. बाहेर ॲम्प्लिफायर गुणगुणत होता, त्यावर तेच तीन सूर आपटत होते, चुकत होते, पुन्हा येत होते. तिच्या डोळ्यांवर झापड आली. मधेच खटका वाजल्यासारखं झालं आणि ती गुणगुण बंद पडली. दमला असेल, तिला वाटलं. आता हाक मारेल, उठायला हवं. तिनं कोपरावर भार दिला.

हाक आली नाही. थोड्या वेळानं व्हरांड्यातून बारीक, कोरडा आवाज आला, शिवणाच्या दोऱ्याला नख लागावं एवढाच. एक सूर, दुसरा, आणि चुकलेला तिसरा. मग पुन्हा पहिला. त्यानं विजेची पिन काढून टाकली होती आणि तो तसाच वाजवत होता, भिंतीपलीकडे जेमतेम पोचणारं.

तिनं कोपर काढून घेतलं. स्पिरिटनं भेगाळलेले हात पोटावर ठेवले आणि डोळे उघडले नाहीत.