कण्यातली ओल

चौक गावाला हायवेवर माझं फायबरचं गॅरेज आहे. ट्रकांची बॉनेटं, बसचे बंपर, काय वाट्टेल ते जोडतो. पळसदरीकडच्या रिसॉर्टवाल्या धनेशची बोटही गेल्या वर्षी मीच जोडली होती. परवा तीच टेंपोत उलटी पडून परत आली.

"किशोरभाऊ, या धाऊनं दगडावर घातली," धनेश गुरगुरला. "तुम्ही तसं सांगा फक्त, उद्यापासून याला घरी बसवतो."

धाऊ बोट वल्हवणारा, वरच्या वाडीवरचा. टेंपोला टेकून, मान खाली घालून उभा. मला त्याचाच राग आला. अरे, तोंड दिलंय ना देवानं? बोल की!

दहाचं नाणं घेऊन मी तळ वाजवत निघालो. टण, टण. दगडाचा ओरखडा सापडला, पण नुसता रंग खरवडलेला, नखसुद्धा आत जाईना. मग तळाच्या मधल्या कण्यावर आलो आणि आवाज बसला. थप, थप. ड्रिलनं बारीक भोक पाडलं तर आंबट वासाचं तपकिरी पाणी गळायला लागलं. कण्याला चीर गेली होती, ती बरोबर माझ्या जुन्या जोडाच्या कडेनं.

मी ड्रिल खाली ठेवलं. गेल्या श्रावणात घाई होती. बॉनेटला चालतं, म्हणून ओल्या फायबरवर फडकं मारून मी तसाच थर चढवला होता. पण बॉनेट काय दिवसभर पाण्यात बसतं? ओल आत कोंडली आणि वर्षभर थर सुटत गेले.

गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. धाऊचं काम तेवढं गेलं असतं.

"धनेशशेठ, दगडाचा काय संबंध नाय. ओल्यावर जोड मारला मी. चूक माझी हाय." बोलताना कान तापले.

"वा रे कारागीर!" धनेश म्हणाला. मग धाऊकडे न बघताच, "उद्या वेळेवर ये रे," म्हणून चहाच्या टपरीकडे गेला.

धाऊ हळूच जवळ आला. "तुमी फडकं मारलंत तवा मी हितंच हुतो. म्हनलं पन हुतं, अजून ओली हाय."

"मंग आज का नाय बोललास रं?"

"तवा तुमी म्हनलात, तू वल्ही मार, मला शिकवू नको."

म्हणालो होतो. अगदी अस्संच म्हणालो होतो. लाज वाटली मला. मी नाणं त्याच्या हातात दिलं आणि म्हणालो, "वाजव. अजून कुठं ओल वाटते, तू सांग."